वाघबारशीचं मागणं

"झुंबरवहिनी, अहो वहिनी! विहिरीत वाघ पडलाय!"

चिंधू अंगणातून ओरडला तेव्हा मी माझ्या लेकीच्या, सुगंधाच्या खांद्यावरची पट्टी बदलत होते. जखम भरत आली होती, पण पट्टी सोडताना पोर अजून डोळे गच्च मिटून घ्यायची. वाघाचं नाव ऐकल्याबरोबर तिनं माझा हात धरला तो सोडेचना.

"कुठल्या विहिरीत?" मी आतूनच विचारलं.

"तुमच्याच, खालच्या. सोमा तिथंच हाये. चला लवकर. आज त्याचा निकालच लावायचाय."

चिंधू माझ्या नवऱ्याचा, सोमाचा चुलतभाऊ. त्या पावसाळ्यात त्याच्या दोन शेळ्या वाघानं नेल्या होत्या, त्यामुळे त्याच्या आवाजात आनंद होता म्हटलं तरी चालेल. आणि खरं सांगायचं तर माझ्याही छातीत तसंच काहीतरी उसळलं. सापडला एकदाचा, असं.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. अकोले तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी आमची महादेव कोळ्यांची वाडी आहे. बिबट्याला आमच्याकडं वाघच म्हणतात. वाघ आमच्या शेजारालाच राहतो, आणि तो आमचा देवही आहे. रानाच्या कडेला वाघोबाचं ठाणं आहे. उघड्यावर उभा दगड, त्याच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी घरोघरचं दूध आणि तांदूळ गोळा करून ठाण्यापाशी खीर शिजवायची, दगडाला शेंदूर लावायचा आणि वाघोबाकडं मागणं मागायचं, आमची गुरं राख, वासरं राख, लेकरं राख. हे मागणं मोठ्यानं म्हणायचा मान आमच्या घराचा. माझे सासरे कोंडाजी कित्येक वर्षं तो चालवत होते. त्यांचा आवाज इतका खणखणीत की पलीकडच्या वाडीतल्या बाया म्हणायच्या, कोंडाजीबाबांचं मागणं आम्हालाही लागू पडतं.

वाघ विहिरीत पडला तो दिवस नेमका वाघबारशीचा होता. आणि त्या वर्षी मामांनी, सासऱ्यांना मी मामा म्हणायची, मी पूजेला येणार नाही, असं वाडीला सांगून टाकलं होतं.

का, ते कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. भादव्यात, दिवस मावळायच्या सुमाराला, मामा आणि सुगंधा शेळ्या घेऊन बांधावरून घरी येत होते. पोर तेव्हा सहा वर्षांची. वाटेत फुलं तोडायला वाकली आणि करवंदीच्या जाळीतून वाघानं झेप घेऊन तिला खांद्याला धरलं. मामा तिला पोटाशी धरून घरी आले तेव्हा त्यांचं धोतर रक्तानं भिजलेलं होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. कमरेला कोयता होता. कोयता बघून लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. म्हाताऱ्यानं वाघाच्या तोंडातून नात ओढून आणली! पोरीला दवाखान्यात टाके पडले; धरल्यानंतरचं तिला काही आठवत नव्हतं. पुढं शाळेत मामांचा सत्कार झाला, शाल दिली, नारळ दिला. मी तर त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडले होते. त्यांनी पाय मागे ओढले आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला अवघडल्यासारखं झालं असेल.

तेव्हापासून ते ठाण्याकडं फिरकले नव्हते. सगळी वाडी म्हणायची, देवावर रुसलेत. रुसतील नाहीतर काय? जन्मभर ज्याला लेकरं राख म्हणून सांगितलं त्यानंच लेकरू धरलं.

सुगंधाला मी शेजारच्या हौसाआत्यांकडं दिलं. मामा मागच्या पडवीत दोर वळत बसले होते.

"मामा, वाघ पडलाय आपल्या विहिरीत."

त्यांचे हात थांबले. "जिता हाये?"

"जिता हाये म्हनत्यात. पर सोडनार न्हाईत त्याला आता."

ते उठले आणि पायात काही न घालता चालू लागले. मी मागोमाग निघाले. वाटेत बांधावर हाताएवढा एक दगड दिसला, तो मी उचलला. का उचलला ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

विहिरीला तेव्हा कठडा नव्हता. जमिनीबरोबर काठ, त्यावर गवत माजलेलं. पहाटे कुत्र्याच्या मागे धावताना वाघ सरळ आत गेला होता. पाऊस नुकताच सरला होता, त्यामुळे पाणी बरंच वर होतं, पण वर यायला पायरी एकही नाही. मी वाकून पाहिलं. वाघानं मोटारीच्या पाइपाला पुढच्या पायांनी मिठी मारली होती. फक्त डोकं आणि खांदे पाण्याबाहेर. मधूनच पंजा सुटायचा, तो पाण्यात बुडायचा आणि फुरफुरत परत पाइप गाठायचा. मी वाघाला एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मनातला वाघ फार मोठा होता.

काठावर सगळी वाडी जमली होती. काहींनी दगड मारायला सुरुवातही केली होती. एक त्याच्या पाठीवर बसला तेव्हा त्यानं वर बघून दात दाखवले. पण ओरडायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

माझा नवरा सोमा सगळ्यांच्या पुढं होता. मामांना बघून त्यानं सगळ्यांना हात केला. "थांबा! बाबा आले. बाबांनी त्याला तोंडाशी तोंड लावून बघितलंय. बाबा, तुम्ही सांगा. हाच ना तो?"

मामा काठाशी गेले आणि उकिडवे बसले. कितीतरी वेळ खाली बघत राहिले. वाघानंही मान वर केली. त्याचा डावा कान मधून फाटलेला होता.

"हाच तो," मामा म्हणाले. "कान बघितला व्हता मी."

"झालं तर मग!" चिंधूनं मोठा धोंडा दोन्ही हातांनी डोक्यावर घेतला.

"चिंधू, खाली ठेव तो."

"का म्हनून?"

"खाली ठेव. मला काय सांगायचंय ते आधी आईक. मग काय करायचं ते कर, मी अडवायला येनार न्हाई."

त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण वाडीला त्या आवाजाची सवय होती. चिंधूनं धोंडा खाली टाकला. मामा उभे राहिले. ते सोमाकडं बघत नव्हते, माझ्याकडंही नाही.

"पोरीला मी सोडवली न्हाई," ते म्हणाले.

सोमानं विचारलं, "म्हंजी?"

"म्हंजी न्हाई सोडवली. त्यानं तिला धरली आन् जाळीकडं नेली, ते मी बघत उभा व्हतो. कोयता कमरेलाच राह्यला. पाय हालंना, घशातून आवाज फुटंना. मी तसाच खाली बसलो. चिखलात बसलो. मला वाटलं, गेली पोर." त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. "जाळीपाशी जाऊन त्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मग पोरीला खाली ठेवली. टाकली न्हाई, ठेवली. आन् निघून गेला. ती रडाया लागली तवा कुठं माझे पाय चालले."

खाली वाघाचा पंजा पाइपावर घासला.

"मग इतके दिस बोलला का न्हाई?" सोमाचा आवाज चिरकला. "शाल घेतली, नारळ घेतला..."

"मी घरी आलो तवा तोंडातनं बोल निघत नव्हता, आन् बोल निघाया लागला तवर तुम्ही सगळं बोलून बसला व्हता. मंग सांगायची हिंमत झाली न्हाई. रोज वाटायचं, आज सांगू." मामा ठाण्याच्या दिशेनं बघायला लागले. "तुम्हाला वाटतंय मी देवावर रुसलोय. मी कशापायी रुसू? मला त्याच्याम्होरं जायला तोंड न्हाई. जन्मभर मी त्याला म्हनत आलो, लेकरं राख. त्यानं राखलं. आन् शाल मी पांघरली."

मी हातातल्या दगडाकडं बघत राहिले. दोन महिने माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं, वाघानं माझ्या पोरीला धरलं. झोपेत तेच, जेवताना तेच. सगळी वाडी तेच बोलायची. धरल्यावर पुढं काय झालं, हा प्रश्न कुणाच्याच मनात आला नव्हता, कारण उत्तर आमच्याकडं तयार होतं. आणि मामांचा राग यावा तसा रागही मला येईना. वयाच्या सत्तरीला वाघापुढं कुणाचे पाय चालतात? पळून तर गेले नव्हते.

चिंधू मात्र ऐकायला तयार नव्हता. "बाबा, तुमचा देव ठान्यावर हाये. हे खाली हाये ते जनावर हाये. भुकेलं नसंल म्हनून सोडली आसंल. माझ्या शेळ्या सोडल्या का त्यानं?"

"आसंल," मामा म्हणाले. "भूक नसंल, न्हाईतर भ्याला आसंल. त्याच्या मनातलं मला काय ठावं? पर देव आन् हे जनावर येगळं आसंल, तर आपन दरसाल त्या दगडाला खीर कशापायी दाखवतो? दगड काय आपल्या शेळ्या नेतो का, का लेकरं राखतो? आपन ज्याच्याशी बोलतो तो ह्यो. आज त्याची बारस. आज तो आपल्या दारात बुडाया लागलाय."

चिंधूनं तोंड फिरवलं. पण दगड कुणी मारला नाही. खाली वाघाचा पंजा पुन्हा सुटला. यावेळी तो बराच वेळ पाण्याखाली राहिला. वर आला तेव्हा नुसतं नाक दिसत होतं.

"बाज पायजे," मामा म्हणाले. "चार कोपऱ्याला दोर बांधून खाली सोडायची. तो त्याच्यावर चढला तर जगंल."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. सगळ्यांना माहीत होतं की सगळ्यात जवळची बाज आमच्या घरात आहे, आणि तिच्यावर माझी पोर दोन महिने पडून आहे. सोमानं माझ्याकडं पाहिलं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. ते त्यानं माझ्यावर सोडलं होतं.

मी दगड टाकून दिला आणि घराकडं धावले.

बाजेवरची गोधडी खाली ओढली. बाज एकटीनं उचलून दारातून काढताना अडकली, तेवढ्यात मागून कुणीतरी दुसरी बाजू उचलली. सोमा होता. आम्ही दोघं ती बाज घेऊन विहिरीवर आलो. मामांनी तोवर पडवीतून, सकाळभर वळलेला दोर खांद्यावर टाकून आणला होता. कुणीतरी मोटारसायकल काढून राजूरला वनखात्याच्या माणसांना सांगायला गेलं.

पहिल्या वेळी बाज तिरकी झाली. वाघानं एक पंजा टाकला, ती उलटली, आणि तो तिच्याखाली गेला. बाया ओरडल्या. मीही ओरडले. "वर घ्या! वर घ्या!" मला आठवतं, माझे हात नकळत जोडले गेले होते. बाज वर घेतली तसा त्यानं कसाबसा पाइप गाठला.

"चौथा दोर ढिला पडतोय," मामा म्हणाले. "तिकडं जोरकस मानूस पायजे."

आमच्या वाडीत चिंधूएवढा ताकदीचा माणूस नव्हता. तो लांब बांधावर पाठ करून उभा होता. मामांनी त्याला हाक मारली नाही. मीच गेले.

"भावजी, चला."

"माझ्या शेळ्या, वहिनी..."

"माझी पोर, भावजी," मी म्हणाले.

तो आला आणि त्यानं चौथा दोर मनगटाला गुंडाळला. "सावकाश," तो बाकीच्यांवर खेकसला. "वढू नका. लगीन हाये का घरी?"

बाज पाण्यावर सपाट टेकली. वाघानं आधी हनुवटी ठेवली. मग एक पंजा. मग दुसरा. दोरांना एकदम वजन आलं, चिंधूच्या मनगटाच्या शिरा फुगल्या, पण त्यानं दोर हलू दिला नाही. वाघ सगळ्या अंगानं बाजेवर आला आणि आडवा झाला. पाणी निथळत होतं आणि त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. माझी पोर जशी ताप उतरल्यावर त्या बाजेवर पडायची, तसाच तो पडला होता. मी काहीतरी बोलायला गेले आणि मला रडू आलं.

दोर झाडाला बांधून आम्ही वाट बघत बसलो. कुणी घरी गेलं नाही. दुपार कलल्यावर वनखात्याच्या गार्डबाई दोन माणसं घेऊन आल्या. त्या आधी विहिरीत डोकावल्या, मग काठावरच्या दगडांच्या ढिगाकडं त्यांचं लक्ष गेलं. आमच्या सगळ्यांचे चेहरे बघून त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

"पिंजरा आणायला डोंगरातून फार वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "शिडी आहे का लांब? शिडी लावायची आणि सगळ्यांनी घरात जायचं. दारं लावायची. अंधार पडायच्या आत तो जाईल. पण एकही माणूस विहिरीपाशी दिसता कामा नये."

दोन शिड्या एकीला एक बांधून आत सोडल्या. सगळे आपापल्या घरात गेले. आमच्या खिडकीतून विहीर दिसायची. मी, सोमा, मामा आणि सोमाच्या कडेवर सुगंधा, एवढे त्या लहानशा खिडकीला चिकटून उभे होतो. दिवस डोंगराआड गेला. बराच वेळ काही हललं नाही. मग शिडीच्या टोकाशी एक डोकं दिसलं. फाटका कान. वाघ काठावर आला, अंग झटकलं, आणि घाई न करता बांधावरून रानाकडं चालत गेला. करवंदीच्या जाळीपाशी दिसेनासा झाला.

"गेला," सुगंधा म्हणाली.

"गेला," मामा म्हणाले. त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

थोड्या वेळानं दारात चिंधू उभा राहिला. त्याच्या हातात दुधाची चरवी होती. "बाबा, बारस अजून सरली न्हाई. खीर शिजवू, पर मागनं कोन म्हननार?"

"मी न्हाई," मामा म्हणाले. "मला त्याच्याम्होरं उभं राहायचा हक्क न्हाई राह्यला."

मला काय झालं कुणास ठाऊक. सासऱ्यांपुढं मी कधी मान वर करून बोलले नव्हते. पण त्या संध्याकाळी मी म्हणाले, "मामा, काय घडलं ते तुम्ही दोघांनीच बघितलं, तुम्ही आन् त्यानं. आज सगळ्या वाडीदेखत ते सांगितलंत. तुम्ही सांगितलं नसतं तर माझ्या हातून काय झालं आसतं? तुम्ही चला. सुगंधालाबी घेऊ."

मामांनी खुंटीवरचा फेटा काढला.

दिवेलागण झाली तेव्हा सगळी वाडी ठाण्यापाशी होती. तीन दगडांवर खीर रटरटत होती, रानातून गार वारं येत होतं. दगडाला ताजा शेंदूर लागला होता. मामा पुढं झाले, हात जोडले. आता नेहमीचं मागणं म्हणतील म्हणून आम्ही सगळे "राख" म्हणायला तयार होतो. पण ते काहीच बोलेनात. त्यांच्या खांद्यांकडं बघून मला समजलं, ते रडत होते.

शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि त्यांच्या त्या जुन्या खणखणीत आवाजात म्हणाले, "देवा, यंदा मागनं न्हाई. तू राखलंस. आम्ही बघितलं."

बस्स, एवढंच. त्यावर काय म्हणायचं ते कुणाला माहीत नव्हतं, कारण असं आधी कधी झालंच नव्हतं. तेवढ्यात सोमाच्या कडेवरून सुगंधा म्हणाली, "मग खीर कधी वाढायची?"

सगळ्यात आधी चिंधू हसला. मग सगळी वाडी हसली. मामाही हसले. दोन महिन्यांनी.

दुसऱ्या दिवसापासून सोमा आणि चिंधूनं मिळून विहिरीला कठडा बांधायला घेतला. त्यानंतर आमच्या विहिरीत कुठलंच जनावर पडलं नाही. करवंदीच्या त्या जाळ्या तोडून नाचणी पेरायचा आमचा विचार होता, तोही सोमानं आपणहून सोडून दिला. जाळ्या अजून तशाच आहेत. मामा पुढं सहा वर्षं जगले, आणि प्रत्येक बारशीला त्यांनी आधी मिळालं ते सांगितलं, मग मागितलं. ते गेल्यावर सोमा म्हणायला लागला. हळूहळू सगळीच माणसं एकेक करून पुढं यायला लागली आणि आपलं आपलं सांगायला लागली.

अजूनही तसंच चालतं. गुराखी सांगतात, म्हाताऱ्या सांगतात. चिंधू दरवर्षी जरा फुरंगटूनच उभा राहतो आणि मोठ्यानं म्हणतो, "एक शेळी नेलीस, बाकीच्या ठेवल्यास. बरं हाये." लोक हसतात.

सुगंधा आता खालच्या गावात नांदते. तिला दोन लेकरं आहेत. माझी पाळी आली की मी दगडापुढं उभी राहते आणि नुसतं तिचं नाव घेते.